‘द ग्रेट गॅट्सबी’: प्रतीके, पैसा आणि निक कॅरवेचे निवेदन

एम.ए. इंग्रजीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या १९२५ सालच्या कादंबरीवर प्रतीके, संपत्ती आणि निवेदन अशी तीन टिपणे तिने तयार केली आहेत. पहिल्यात हिरवा दिवा म्हणजे आशा, जाहिरातीच्या फलकावरचे डॉ. एकलबर्गचे डोळे म्हणजे देव आणि राखेचे खोरे म्हणजे नैतिक अधःपतन, अशी मांडणी आहे. दुसऱ्यात गर्भश्रीमंत आणि नवश्रीमंत यांचा संघर्ष आहे. तिसऱ्यात निक कॅरवे हा निवेदक विश्वसनीय मानावा की नाही, याची चर्चा आहे. या तिन्हींतून एक सलग निबंध कसा उभा करावा, हे तिला कळत नाही.

ही कादंबरी मी बरीच वर्षे शिकवतो आणि ही तीन टिपणे जवळजवळ याच शब्दांत उत्तरपत्रिकांतून मला भेटत असतात. त्यांत चुकीचे असे फारसे काही नसते. अडचण एवढीच की कादंबरी न उघडताही ती लिहिता येतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की या कादंबरीत प्रतीक आयते पडलेले नसते. कोणी एक माणूस एखाद्या वस्तूकडे पाहतो आणि तिच्यावर अर्थ चढवतो. तो अर्थ टिकवून धरणे त्याला झेपेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या ऐपतीवर ठरते. आणि हा सगळा प्रकार आपल्यापर्यंत पोहोचतो तो निकच्या लेखणीतून. हा निक स्वतः न्यूयॉर्कमध्ये कर्जरोखे विकण्याच्या धंद्यात उमेदवारी करणारा, खात्यापित्या घरचा तरुण आहे. म्हणून प्रत्येक प्रतीकापाशी थांबून ‘हा अर्थ कोणी दिला आणि तो आपल्याला कोण सांगत आहे?’ असे विचारले, की तिन्ही टिपणे वेगळी ठेवताच येत नाहीत.

हिरव्या दिव्यापासूनच सुरुवात करू. तो दिवा कादंबरीत ठळकपणे तीन ठिकाणी येतो: पहिल्या, पाचव्या आणि शेवटच्या, म्हणजे नवव्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणात निकला त्याचा अर्थ ठाऊकच नाही. शेजारच्या बंगल्याचा मालक गॅट्सबी रात्री हिरवळीवर उभा राहून काळ्या पाण्याकडे हात पसरतो, तो थरथरत होता असे आपण शपथेवर सांगू शकलो असतो, असे निक म्हणतो. आणि पलीकडे पाहिले तर एक बारीकसा हिरवा दिवा दिसतो, जो कदाचित एखाद्या धक्क्याच्या टोकाला असावा. पाचव्या प्रकरणात गॅट्सबी आपल्या जुन्या प्रेयसीला, आता श्रीमंत टॉम ब्यूकॅननची बायको असलेल्या डेझीला, अगदी साध्या शब्दांत सांगतो की धुके नसते तर खाडीपलीकडचे तुझे घर इथून दिसले असते, तुमच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा जळत असतो. तो एवढेच बोलतो. त्यापुढचे सारे निकचे आहे: त्या दिव्याचे प्रचंड महत्त्व आता कायमचे संपले, हे ‘कदाचित’ गॅट्सबीच्या मनात आले असावे, डेझी आणि तो यांच्यात मोठे अंतर होते तोवर तो दिवा तिला अगदी चिकटून असल्यासारखा वाटत होता, आता तो पुन्हा धक्क्यावरचा एक साधा दिवा झाला आणि गॅट्सबीच्या भारलेल्या वस्तूंच्या यादीतून एक वस्तू कमी झाली.

हा उतारा विद्यार्थी सहसा सोडून देतात आणि थेट शेवटच्या पानावर उडी मारतात. खरे तर तिन्ही उताऱ्यांत हाच मला अधिक मोलाचा वाटतो, कारण प्रतीक कसे तयार होते आणि कसे विरते, हे फिट्झजेराल्डने इथे आपल्या डोळ्यांसमोर करून दाखवले आहे. डेझी हाताच्या अंतरावर आली त्या क्षणी दिवा नुसता दिवा उरला. म्हणजे अर्थ दिव्यात नव्हता. तो अंतरात होता, आणि ते अंतर जसे पाण्याचे होते तसेच पैशाचेही होते. शेवटच्या पानावर तोच दिवा पुन्हा अर्थाने भरून येतो, पण तोवर गॅट्सबी मेलेला असतो आणि अर्थ भरणारा एकटा निक असतो. डच खलाशांना प्रथम दिसलेली नव्या जगाची हिरवी भूमी आणि तो दिवा यांना एका ओळीत गॅट्सबीने कधीच बसवले नव्हते. ‘हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न’ असे लिहिताना आपण गॅट्सबीचा अर्थ सांगत नसून निकचा सांगत आहोत, एवढे भान ठेवले तरी निबंधाची पातळी बदलते.

एकलबर्गच्या डोळ्यांची गोष्ट याहून गमतीची आहे. गॅट्सबी आणि निक राहतात ते वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये, जिथे रस्ता लोहमार्गाच्या जवळ येतो, तिथे राखेचे खोरे आहे. ते नुसते कल्पनेतले नाही: क्वीन्समध्ये फ्लशिंगजवळ कोरोना येथे न्यूयॉर्कच्या भट्ट्यांतल्या कोळशाच्या राखेचे खरोखरचे डोंगर होते, आणि पुढे तीच जागा सपाट करून तिथे १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले. या राखेवर एका नेत्रतज्ज्ञाने धंदा वाढवण्यासाठी लावलेली जुनी जाहिरात उभी आहे: पिवळ्या चष्म्यामागचे निळे, अवाढव्य डोळे, ज्यांना चेहराच नाही. तो डॉक्टर एक तर स्वतःच आंधळा झाला असावा किंवा जाहिरात विसरून दुसरीकडे राहायला गेला असावा, असे निक थट्टेने म्हणतो. पहिल्या भेटीत ते डोळे म्हणजे बंद पडलेल्या धंद्याची पाटी आहेत, त्यापलीकडे काही नाही.

देव त्यांत येतो तो आठव्या प्रकरणात, आणि तो आणतो जॉर्ज विल्सन. बायको मोटारीखाली सापडून मेलेली, गॅरेजचा धंदा खंगलेला, टॉम ब्यूकॅनन आपली जुनी मोटार त्याला विकेल या आशेवर आजवर झुलत ठेवलेला हा माणूस पहाटे खिडकीतून बाहेर पाहत म्हणतो की देव सगळे पाहतो. शेजारचा कॉफीवाला मिकायलिस त्याला तिथल्या तिथे सांगतो की ती जाहिरात आहे. कादंबरीकाराने देवाचे समीकरण आणि त्याचे खंडन अशी दोन्ही वाक्ये लागोपाठ ठेवली आहेत. आपले विद्यार्थी पहिले उचलतात आणि दुसरे गाळतात. त्यात पुन्हा, हा प्रसंग निकने पाहिलेला नाही. आता थोडे मागे जाऊन आम्ही निघून गेल्यावर गॅरेजमध्ये काय झाले ते सांगतो, अशी प्रस्तावना करून तो हे सांगतो. विल्सन त्याच दिवशी गॅट्सबीला गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो. तेव्हा हे डोळे देवाचे करणाऱ्या माणसाचे शब्द मिकायलिसने ऐकले, ते कसेतरी निककडे आले आणि निकने आपल्या भाषेत मांडले. ज्याच्याकडे जगातले काहीही उरलेले नाही, तो रस्त्यावरच्या फुकटच्या पाटीला देव करतो. त्याला तेवढेच परवडते.

आता पैशाकडे. ‘गर्भश्रीमंत विरुद्ध नवश्रीमंत’ ही मांडणी मला पुरेशी वाटत नाही, कारण कादंबरी ती पहिल्याच पानांवर उसवून ठेवते. निक आपल्या घराण्याची ओळख करून देताना म्हणतो की आम्ही स्कॉटलंडमधल्या बक्लूच्या ड्यूकांचे वंशज आहोत अशी आमच्यात दंतकथा आहे, पण घराण्याचा खरा संस्थापक माझ्या आजोबांचा भाऊ. तो १८५१ मध्ये इकडे आला, यादवी युद्धात त्याने आपल्या जागी बदली माणूस पाठवला आणि लोखंडी सामानाचा घाऊक व्यापार सुरू केला, जो माझे वडील आजही चालवतात. म्हणजे बनावट सरदारी वंशावळ, पैसे मोजून टाळलेले युद्ध आणि त्यावर उभे राहिलेले दुकान. हेच पुढे गॅट्सबी करतो: नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी नाव बदलतो आणि श्रीमंत घराण्याची व ऑक्सफर्डची कहाणी रचतो. युद्धाला मात्र तो स्वतः गेला होता. कॅरवे कुटुंबाची थाप सत्तर वर्षे मुरली, म्हणून ती हसण्यावारी नेण्याजोगी कौटुंबिक गंमत झाली. गॅट्सबीची ताजी आहे, म्हणून ती लबाडी. खानदानीपणा म्हणजे जुनी झालेली कमाई असेल, तर निकच्या घरात ती फार तर तीन पिढ्यांची आहे. टॉमचा पैसा कुठून आला, हे तर कादंबरी सांगतच नाही. तो फक्त असतो, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलरची मोत्यांची माळ देतो.

नवा पैसा कुठे उघडा पडतो, हे पाहायला पार्ट्यांपेक्षा सहाव्या प्रकरणातला एक लहानसा प्रसंग जास्त उपयोगी आहे. टॉम, स्लोन नावाचा एक गृहस्थ आणि एक बाई घोड्यांवरून गॅट्सबीच्या दारात येतात. बाई सौजन्याने त्याला जेवायला बोलावते; स्लोनला ते नको आहे, हे खोलीतल्या सगळ्यांना समजते, एकट्या गॅट्सबीला समजत नाही. तो म्हणतो, माझ्याकडे घोडा नाही. लष्करात असताना बसत असे, पण विकत कधी घेतला नाही. मी मोटारीतून मागोमाग येतो. तो आत कोट आणायला जातो तेवढ्यात ते लोक निघून जातात. ज्याच्याकडे मोटारी आहेत, बोटी आहेत, पाण्यावर उतरणारे विमान आहे, त्याच्याकडे घोडा नाही. आणि टॉमची ओळख आपल्याला पहिल्या प्रकरणातच लेक फॉरेस्टहून पोलोचे घोडे आणणारा म्हणून झालेली आहे. फिट्झजेराल्ड इथे एका शब्दानेही भाष्य करत नाही.

पार्ट्यांबद्दल लिहायचेच असेल, तर संगीत आणि रोषणाई बाजूला ठेवून संत्र्यांकडे पाहावे. दर शुक्रवारी न्यूयॉर्कच्या फळवाल्याकडून संत्र्यालिंबांची पाच खोकी येतात आणि सोमवारी त्याच घराच्या मागच्या दाराने रस काढून घेतलेल्या अर्ध्या फोडींचा ढीग बाहेर पडतो. स्वयंपाकघरात एक यंत्र आहे, ते अर्ध्या तासात दोनशे संत्र्यांचा रस काढते, मात्र त्यासाठी एका नोकराच्या अंगठ्याने एक छोटे बटण दोनशे वेळा दाबावे लागते. सोमवारी एक जादा माळी धरून आठ नोकर दिवसभर राबून आदल्या रात्रीची नासधूस निस्तरतात. या कादंबरीतल्या वैभवामागचा घाम दिसतो तो अशाच कोपऱ्यांत. ते राखेचे खोरे आणि हा सालींचा ढीग शेजारी ठेवून वाचले, तर ‘नैतिक अधःपतन’ हा ढोबळ शब्द वापरण्याची गरज उरत नाही. एका बाजूच्या चैनीचे उरलेसुरले दुसरीकडे कुठे जाऊन पडते, हा साधा हिशेब दिसतो.

गॅट्सबीच्या घरातल्या ग्रंथालयाचा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर फार थांबत नाही. घुबडासारखा चष्मा लावलेला एक पाहुणा पुस्तके खरी आहेत हे पाहून थक्क होतो आणि पाने कापलेली नाहीत, म्हणजे ती कोणी वाचलेलीच नाहीत, यालाही दाद देतो. लक्षात एवढेच घ्यावे की तो फसवणूक पकडून रागावत नाही. तो कारागिरीला सलाम करतो, आणि पुढे गॅट्सबीच्या अंत्यविधीला पाहुण्यांपैकी तोच एकटा येतो.

यानंतर डेझीच्या आवाजाची गोष्ट, कारण इथे पैसा, प्रतीक आणि निवेदन एकाच वाक्यात येतात. पहिल्या प्रकरणापासून निक तो आवाज पकडू पाहतो. कुजबुज, गाण्यासारखी लय, कसले तरी आश्वासन अशी विशेषणांवर विशेषणे खर्च करतो. सातव्या प्रकरणात तो अजून शब्द शोधत असतानाच गॅट्सबी एकदम म्हणतो की तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे. निक कबूल करतो की हेच ते, आपल्याला आजवर कळले नव्हते. गॅट्सबी भाबडा स्वप्नाळू होता आणि निक डोळस, या समजुतीला इथे चांगलाच धक्का बसतो. ज्याने पैसा बाहेरून पाहिला, त्याला तो आवाजातही ऐकू आला. ज्याच्या घरात तो होता, त्याला ती मोहिनी वाटत राहिली.

निकच्या नोकरीकडे टीकाकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. तो कर्जरोखे विकायला शिकतो आहे आणि वर्षभराचा खर्च वडील देत आहेत. पाचव्या प्रकरणात, डेझीला चहाला बोलावण्याच्या बदल्यात, गॅट्सबी त्याला विचारतो की तुम्ही रोखे विकता ना, मग थोड्या वेळात बरे पैसे मिळतील असे एक काम आहे, जरा गोपनीय आहे. निक नकार देतो. का? काम बेकायदा असेल म्हणून नव्हे; करायच्या उपकाराची किंमत अशी उघडपणे पुढे केली, हे त्याला अशिष्ट वाटले म्हणून. परिस्थिती वेगळी असती तर ते संभाषण आयुष्यातला एक कसोटीचा प्रसंग ठरले असते, असे तोच लिहितो. ते काम काय होते हे आपल्याला नवव्या प्रकरणात कळते: गॅट्सबीच्या मृत्यूनंतर शिकागोहून फोन येतो, पलीकडचा माणूस निकलाच गॅट्सबी समजून सांगतो की पार्क नावाचा त्यांचा माणूस अडकला, खिडकीवर रोखे देताना पकडला गेला, न्यूयॉर्कहून क्रमांकांचे परिपत्रक आले होते. दारूबंदीच्या काळात औषधांच्या दुकानांतून मद्य विकणे ही तोवर किरकोळ बाब झाली होती. खरा व्यवहार चोरीच्या रोख्यांचा होता. निक आणि गॅट्सबी, दोघांचा माल एकच होता, मालाची वाट तेवढी वेगळी. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस निक स्वतःला आपल्या ओळखीतल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी एक म्हणवतो, त्या वाक्याशेजारी हा फोन ठेवून वाचावा.

आता निवेदनाचा मुद्दा. ‘अविश्वसनीय निवेदक’ हा शिक्का मला इथे उपयोगाचा वाटत नाही, कारण निक तथ्यांबाबत खोटे बोलतो असा पुरावा कुठे मिळत नाही. तो रचतो. घटना १९२२ च्या उन्हाळ्याच्या आहेत आणि दोन वर्षांनी त्या आठवत असल्याचे तो सांगतो. तिसऱ्या प्रकरणात तर आतापर्यंत लिहिलेले वाचून पाहिल्याचेही नोंदवतो. आपण एक पुस्तक लिहीत आहोत, याची त्याला पूर्ण जाणीव आहे. (२०१३ च्या चित्रपटात, ज्यात अमिताभ बच्चन गॅट्सबीचा जुगारी भागीदार वुल्फशाइम याच्या लहानशा भूमिकेत आहेत, निक आरोग्यधामात बसून लिहिताना दाखवला आहे, ती पटकथेची भर आहे, उत्तरपत्रिकेत लिहू नये.) पोहण्याच्या तलावात गॅट्सबीच्या मनात शेवटी काय आले, हे कोणालाच कळण्याजोगे नाही, तरी त्यावर या कादंबरीतला एक अत्यंत सुंदर परिच्छेद आहे, त्यात ‘असावे’, ‘वाटले असेल’ अशा क्रियापदांची रांग आहे. ती क्रियापदे पेन्सिलने अधोरेखित करत वाचावे. गॅट्सबीची स्वतःची भाषा तोकडी आणि घासलेली आहे. त्याच्या बोलण्यातली भावविवशता भयंकर होती, असे निक स्वतः म्हणतो. त्याला उंची मिळते ती निकच्या गद्यातून.

हे अपघाताने झालेले नाही. संपादक मॅक्सवेल पर्किन्सने नोव्हेंबर १९२४ मध्ये हस्तलिखित वाचून लेखकाला कळवले होते की गॅट्सबी काहीसा धूसर आहे, वाचकाची नजर त्याच्यावर स्थिर होत नाही, त्याच्या पैशाचा उगम कुठेतरी सुचवायला हवा. त्यावर फिट्झजेराल्डने रोममध्ये राहून मुद्रिते बरीच बदलली आणि गॅट्सबीचा पूर्वेतिहास तुकड्यातुकड्यांनी आधीच्या प्रकरणांत पसरवला. तरी धूसरपणा त्याने पुरता घालवला नाही. पैशाचा उगम आपल्याला अफवा, टॉमचे आरोप आणि तो चुकून आलेला फोन यांतून जुळवावा लागतो, म्हणजे निकला जसा जुळवावा लागला तसाच.

निबंधाच्या उत्तरार्धासाठी मी नवव्या प्रकरणातली एक भेट सुचवीन. ऑक्टोबरच्या अखेरीस फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर टॉम निकला भेटतो आणि हात पुढे करतो. निक आधी हात देत नाही. विल्सनला गॅट्सबीचे नाव आपणच सांगितले, हे टॉम कबूल करतो; कुत्र्याला चिरडावे तसे गॅट्सबीने मर्टलला, म्हणजे विल्सनच्या बायकोला, चिरडले, असेही म्हणतो. गाडी डेझी चालवत होती, हे निकला अपघाताच्या रात्रीपासून ठाऊक आहे. तो गप्प राहतो. टॉम आणि डेझी बेपर्वा माणसे होती, वस्तू आणि माणसे मोडून टाकून ती आपल्या पैशात परत शिरत आणि केलेली घाण इतरांना निस्तरायला ठेवत, हा कादंबरीतला सर्वांत जास्त उद्धृत केला जाणारा निवाडा याच जागी आहे, आणि तो टॉमच्या तोंडावर उच्चारलेला नाही, कागदावर लिहिलेला आहे. त्यानंतर निक हस्तांदोलन करतो, कारण न करणे त्याला पोरकट वाटते, आणि टॉम मोत्यांची माळ किंवा नुसती कफची बटणे घ्यायला जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो. मोत्यांची माळ आपण लग्नाच्या वेळी पाहिली आहे. कफची बटणे वुल्फशाइमची पाहिली आहेत, माणसाच्या दाढांची. निवेदकाचे मौन, पैशाचा आश्रय आणि आधी येऊन गेलेल्या दोन वस्तू एकाच परिच्छेदात एकत्र आल्या आहेत. हिरव्या दिव्याचे ते प्रसिद्ध शेवटचे पान यानंतर लगेच येते, तेव्हा त्या पानातले उतारे वापरण्याआधी या परिच्छेदाचे सविस्तर विवेचन करावे, आणि त्या पानावरचा ‘आपण’ म्हणजे नक्की कोण, त्यात विल्सन धरला आहे की नाही, हा प्रश्न निबंधात उघडपणे मांडावा.